त्राटिकेला भेटायला

१९ जानेवारी

ही डायरी शेजारच्या छायानं दिली. खताच्या दुकानात फुकट मिळते ती, दोन वर्षं जुनी, प्रत्येक पानाच्या खाली फवारणीचा एक सल्ला छापलेला. वार जुळत नाहीत, ते मी खोडतो. देताना म्हणाली, "लिवत जा रे संज्या. तू कुठं जातोस ते तुला तरी कळंल." टोमणाच होता. पण आज लिहिण्यासारखं घडलंय, म्हणून बसलो.

काल शहापूरहून मोगऱ्याच्या कुंड्या घेऊन टेम्पोवर मुंबईला गेलो. एका मोठ्या म्युझियमच्या बागेत कसला तरी कार्यक्रम होता, तिथं उतरवायच्या. ऐंशी कुंड्या. पन्नास झाल्यावर मी पाणी प्यायला म्हणून आत शिरलो. आत एवढा गार वारा, की बाहेर घामानं चिकटलेला शर्ट पाठीवरनं आपोआप सुटला. पाणी बाजूलाच राहिलं. एक दगडी हत्ती बघितला, मग जुन्या तलवारी, मग एक जिना दिसला म्हणून वर गेलो.

वरच्या खोलीत काचेच्या पेटीत ती बसली होती. त्राटिका. आमची.

लाल तोंड, बाहेर आलेले दात, आणि डाव्या कानाला केसांच्या तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला. हिराआत्याच्या घरात एक फोटो आहे, त्यात झिपरूकाका त्राटिकेचा हाच मुखवटा काखेत धरून उभा आहे. त्या फोटोखाली मी लहानपणापासून जेवतोय. चुकणार कसा? तो पत्रा जगात दुसऱ्या कुणाच्या कानाला असंल?

खाली पाटी होती, बारीक अक्षरांची. वाचणार तेवढ्यात रखवालदारानं विचारलं, तिकीट कुठंय. बाहेर आलो तर टेम्पो निघून गेलेला.

२१ जानेवारी

आज हिराआत्याला सांगितलं. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाला येतात, तोवर मी आत्याकडंच जेवतो. झिपरूकाका तिचा थोरला भाऊ, तोही तिथंच जेवायला असतो. बाईजाकाकी गेल्यापासून त्याच्या घरात चूल नाय.

मी म्हणालो, "काका, तुझी त्राटिका मुंबईला आहे."

काकाच्या हातातली भाकर तशीच राहिली. मग म्हणाला, "ती नाय. आपली बोळवली."

बोळवण म्हणजे काय ते लिहून ठेवतो, पुढं माझंच मी विसरेन. उन्हाळ्यात आमच्याकडं बोहाडा असतो. देवीच्या नावानं मुखवटे नाचवायचे, गणपतीपासून राक्षसापर्यंत, आणि एकेक सोंग एकेका घराचं. त्राटिका आमच्या घराची. मुखवटा जुना झाला, की ज्यानं घडवला त्यानंच तो एकट्यानं नदीवर न्यायचा. गळ्याएवढ्या पाण्यात उतरायचं, सोडून द्यायचा, मागं वळून बघायचं नाय. काकानं तसं केलं त्याला बावीस वर्षं झाली. त्यानं नंतर नवी त्राटिका घडवली, पण ती खुंटीवरच आहे. गुडघे गेले म्हणतो. आणि दुसऱ्या घरानं ती नाचवायची नाय, त्यामुळं बावीस वर्षं आमच्या बोहाड्यात त्राटिका निघालीच नाय. मी तिला नाचताना कधी बघितलेलंच नाय.

जेवण झाल्यावर काका अंगणात माझ्या मागं मागं आला. "काय रे, तो पत्रा गंजला काय?"

"नाय. चकचकीत आहे."

"हां," म्हणाला, आणि गेला.

मी पत्र्याचं त्याला बोललोच नव्हतो. पण फोटोत दिसतोच म्हणा. म्हाताऱ्याचं डोकं आता मागंपुढं होतं. बोळवलेल्या मुखवट्याचा पत्रा गंजला काय हे कशाला विचारायचं, तो तर नदीत गेला ना? मग काचेतली कोण? हे मी छायाला विचारलं. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

२७ जानेवारी

वाडीत बोंब झाली. सगळ्यांना बघायला जायचंय. बैठक हिराआत्याच्या अंगणात.

पंढरीमामा आला होता. मुरबाड-कल्याण जीप चालवतो आणि बोहाड्यात संबळ वाजवतो. तो म्हणाला, "जीप माझी. पण संबळ घेतल्याबिगर मी येनार नाय. तिच्यापुढं मुक्यानं उभं राहायचं काय?"

"म्युझियममदी संबळ वाजवू देतील काय, मामा?" छाया म्हणाली.

"मग दारात वाजवीन."

"आनि नारळ?" आत्या म्हणाली. "हळदकुंकू? रित्या हातानं जायचं काय गो?"

छायानं यादी केली. ती मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, यादी करायची तिला हौसच आहे. अकरा माणसं आणि पंढरीमामा. माझं नाव तिनं पहिलं लिहिलं आणि म्हणाली, "ह्याला मधी बसवायचं, खिडकीला नाय. उतरून जाईल कुटं तरी." सगळे हसले.

काकाचं नाव लिहायला घेतलं तर तो म्हणाला, "माझं नको. गुडघे."

तीन दिवसांपूर्वी मी त्याला माहुलीच्या रानात मधासाठी कड्यावर चढलेला बघितलाय.

सोमवार ठरला, कारण सोमवारी कोणाचं काम अडत नाय.

२ फेब्रुवारी

छायानं म्युझियमला फोन लावला, स्पीकरवर. सोमवारी बंद असतं. झालं. मग गुरुवार, तेरा तारीख.

तिकडची बाई गोड बोलायची. "ग्रुप आहे का? शाळेचं नाव सांगा."

"शाळा नाय मॅडम. वाडी आहे."

"वाडिया शाळा?"

"वाडी, मॅडम. नुसती वाडी."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज. मग म्हणाली, "बरं, वयोगट?"

छाया म्हणाली, "सात ते सत्तर." मी एवढा हसलो की आत्यानं लाटणं दाखवलं.

नारळ, हळदकुंकू, वाद्य, काहीच आत चालणार नाय. सामान बाहेर ठेवायला जागा आहे. पंढरीमामाला गुरुवारचं कळवायचं काम माझ्याकडं आलं. त्याचा फोन पाण्यात पडलाय आणि लग्नसराईत तो घरी येत नाय, मुरबाडच्या स्टँडवर गाठून सांगायचं. सोपं काम. छाया म्हणाली, "नक्की जाशील ना?" मला राग आला. मी काय पोर आहे?

१० फेब्रुवारी

काय लिहू.

मुरबाडला गेलो होतो. पंढरीमामा कल्याणला गेलेला, तासाभरात येणार होता. स्टँडवर माळशेजकडची कबड्डीची टीम उभी होती, त्यांचा एक गडी तापानं पडलेला. "खेळतोस काय रे?" म्हणाले. एकच मॅच म्हणाले. एकीच्या चार झाल्या. मुक्काम, मटण, दुसऱ्या गावी दुसरी स्पर्धा. मी पकडीला बरा आहे, हे मलाही पहिल्यांदाच कळलं. सहाव्या दिवशी बक्षीस मिळालेली स्टीलची कळशी डोक्यावर घेऊन वाडीत आलो, गाणं म्हणत.

पंढरीमामाला कोणीच सांगितलेलं नव्हतं. त्यानं तेरा तारखेला जीप लग्नाला दिली. हळदीपासून वरातीपर्यंत.

हिराआत्यानं कळशी घेतली, आत नेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. छाया तर दारातनंच परत गेली.

एकटा झिपरूकाका खूश दिसला. माझ्या ताटात त्यानं स्वतःची अर्धी भाकर टाकली. "असूं दे रे. देवीच्या मनात नसंल. जाऊन काय करायचं?"

एवढा लाड त्यानं माझा कधीच केला नव्हता. त्यामुळं आणखीच लाज वाटली.

११ फेब्रुवारी

सकाळी निघून जायचं ठरवलं होतं. सुरतेला एक ओळखीचा आहे. पिशवी भरली पण होती. त्यात ही डायरी टाकताना पहिलं पान उघडलं गेलं, ते वाचत बसलो आणि पहिली एस्टी गेली.

१२ फेब्रुवारी

छायानं परत फोन लावला, दुसरा दिवस मागायला. मला ऐकायला बोलावलं नाय, मी कुडाच्या मागनं ऐकलं. वीस तारीख मिळाली. पण त्या बाईनं सांगितलं, ती खोली महिनाअखेर बंद होणार. दुरुस्ती आहे. तिथल्या वस्तू खाली गोदामात जाणार, परत कधी वर येतील सांगता येत नाय.

म्हणजे वीस तारीख हुकली तर गेलं.

मी छायापुढं जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, मुरबाडला आत्ता जातो.

"मी पन येते," ती म्हणाली. "तुझ्यावर इश्वास नाय."

स्टँडवर दोन तास बसलो. कबड्डीची कुठलीच टीम आली नाय. छायानं उसाचा रस पाजला. एवढा राग असून रस कशाला पाजला असंल, कळलं नाय. पंढरीमामा आला तेव्हा मी सांगितलं, छायानं कागदावर लिहून दिलं, आणि मामानं तो कागद जीपमधल्या देवीच्या फोटोमागं खोचला.

१६ फेब्रुवारी

आज एक अजब झालं.

झिपरूकाका पडवीत बोहाड्यासाठी मारुतीचं तोंड घडवत होता. आधी मातीचा साचा, त्यावर कागदाचा लगदा थापायचा, वाळला की आतली माती काढायची. मी कागद भिजवून देत होतो. सहज म्हणालो, "काका, तू ये रे. परत दिसायची नाय ती. महिनाअखेर तळघरात टाकतात तिला."

"तळघर म्हंजे?"

"खाली गोदामात. अंधारात. पेटीत घालून."

त्याचे हात लगद्यातच थांबले. मारुतीचं नाक अर्धंच झालं होतं.

"खाली पाटी आहे म्हनत हुतास. काय लिवलंय?"

"वाचलं नाय."

"नाव आहे काय कोनाचं?"

"वाचलंच नाय काका. रखवालदार आला ना."

त्यानं बोटांवरचा लगदा निपटला. मग मारुतीकडं बघत म्हणाला, "उजेडात राहील म्हनून..." नाक थापलं, हात धुतले आणि म्हणाला, "माझं नाव लिवाय सांग त्या पोरीला."

मी पळतच गेलो. हिराआत्या दारात तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं तर ती हसली, पदर तोंडाला लावून. "आला काय शेवटी," म्हणाली. मी म्हणालो, "त्याचे गुडघे?" तर आणखीच हसली. ह्या बहीण-भावांचं काही कळत नाय.

१९ फेब्रुवारी

उद्या. पिठलं-भाकरी बांधायचं ठरलं. कळशी पाण्यानं भरून जीपमध्ये जाणार, म्हणजे माझी कबड्डी अगदीच वाया गेली नाय. काकानं पांढरा सदरा धुऊन घातला, तोही आजच. बाईजाकाकीच्या फोटोपुढं बसला होता. त्राटिका बोळवली त्याच वर्षी काकी गेली. मी दीड वर्षाचा होतो, मला ती आठवत नाय.

२१ फेब्रुवारी

काल परत यायला रात्र झाली. आज सगळं लिहितो, सावकाश, एकही गोष्ट न सोडता.

पहाटे निघालो. मला मधेच बसवलं. सापगावच्या पुलावर जीप आली तेव्हा सगळ्यांनी बोळवणीच्या नदीला हात जोडले, काकानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं गाडी लागली. लिंबू दिलं.

दारात सामान ठेवलं. पंढरीमामानं संबळ दिला खरा, पण पोर दुसऱ्याच्या मांडीवर देतात तसा. हिराआत्यानं नारळ ठेवला आणि तिथल्या माणसाला बजावलं, "फोडू नको रं. देवीचा आहे." त्यानं पण बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी घेतला.

दगडी हत्ती आला. मी थांबलो. छायानं मनगट धरलं आणि जिन्यापर्यंत सोडलं नाय. नंतर पण लगेच सोडलं नाय.

वरच्या खोलीत शिरलो. ती काचेत होती, वरून पिवळा उजेड. आत्यानं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली. पंढरीमामा म्हणाला, "आयला, तीच रं."

छायाला कुठलीही पाटी मोठ्यानं वाचायची खोड आहे. तिनं सुरू केलं. "त्राटिका. बोहाड्यातला मुखवटा. कागदाचा लगदा, डिंक, रंग, पत्रा. घडवणारा कलाकार, झिपरू सोमा आगिवले, तालुका शहापूर..."

वाडीनं टाळ्या वाजवल्या! शेजारी दोन गोरे उभे होते, त्यांनी पण वाजवल्या. मी काकाकडं बघितलं तर तो भिंतीला टेकलेला, तोंड राखेसारखं. छायाची एक ओळ राहिली होती. ती हळू आवाजात वाचली.

"...यांच्याकडून भेट."

टाळ्या थांबल्या. पंढरीमामानं आधी त्राटिकेकडं बघितलं, मग काकाकडं. "म्हंजे? बोळवली नाय?"

काका म्हणाला, "नाय."

मग तो बोलत गेला. मी त्याला एवढं बोलताना जन्मात ऐकलेलं नाय. "नेली हुती. पान्यात उतरलो. ती माझ्याकडं बघत हुती रे. हिला मी घडवली, पंधरा वर्सं हिच्या आत शिरून नाचलो. माझाच घाम हिच्या आत वाळलेला. तिला पान्यात ढकलू कसा? हात झाला नाय. काठावर येऊन बसलो. एक बाई नदीचे फोटो काढीत हुती, मुखवटे गोळा करायची म्हनं. तिनं इचारलं. मी दिली. पैका नाय घेतला, देवीच्यान. एवढंच म्हनलो, उजेडात ठेव. तिनं नाव इचारलं, तेबी सांगितलं." मग त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "त्याच वर्साला बाईजा गेली. माझ्या खोट्यापायी गेली. म्हनून परत तोंड नाय चढवलं. कुठल्या तोंडानं चढवू?"

मला तेव्हा कुठं सगळं दिसायला लागलं. पत्रा, पाटी, लिंबू. मी महिनाभर हेच ह्या डायरीत लिहीत होतो आणि मलाच वाचता येत नव्हतं.

हिराआत्या पुढं झाली. भावाच्या समोर उभी राहिली, कमरेवर हात.

"बाईजा काविळीनं गेली. मी तिच्या उशाला हुते, तू नको सांगू मला. आनि बोळवनीला गळ्यापत्तुर जावं लागतं. तू आलास तवा धोतर गुडघ्यापत्तुर वलं. सदरा कोरडा ठाक! तो वाळत घालाय दिलास माझ्या हातात. कोरडा सदरा वाळत घातला मी, दादा! मी आनि बाईजा चुलीपाशी बसून एवढ्या हसलो, एवढ्या हसलो. ती काय म्हनली ठावं हाय? म्हनली, बरं झालं, मला पन ती आवडायची."

काकाचं तोंड उघडंच. "बाईजाला ठावं हुतं?"

"आख्ख्या वाडीतल्या बायांना ठावं हुतं. बावीस वर्सं वाट बघतोय, हा कधी सांगतोय म्हनून."

मी बायांकडं बघितलं. सगळ्या माना हलवत होत्या. पंढरीमामा म्हणाला, "आनि आमाला कोनी नाय सांगितलं?" तर त्याचीच बायको म्हणाली, "तुमाला सांगायचं म्हंजे जीपच्या भोंग्यातनं सांगायचं."

पहिला काकाच हसला. रडत रडत हसला. मग पंढरीमामा फतकल मारून खाली बसला, आणि त्यानं स्वतःच्या मांड्यांवर हात मारायला सुरुवात केली. संबळाचा तोच ठेका, त्राटिकेच्या वेळचा. बायांनी तोंडानं पिपाणी धरली.

रखवालीवरची बाई धावत आली. छातीवर नाव होतं, रविना. ती आमच्याकडं बघत राहिली, पाटीकडं बघितलं, काकाकडं बघितलं. "हेच का ते?" छायाला विचारलं. छायानं मान हलवली. रविनाबाई म्हणाली, "काचेला हात लावायचा नाही. नाचाचं कुठं काही लिहिलेलं नाही."

आणि झिपरूकाका नाचला. सत्तर वर्षांचा माणूस, पांढऱ्या सदऱ्यात, मुखवटा नसताना. आधी एक पाय, मग दुसरा, मग हात पसरून गर्रकन गिरकी, त्या गुळगुळीत फरशीवर. तोंड तिच्याकडं. काचेत त्याचं तोंड तिच्या तोंडावर पडलेलं दिसत होतं, आणि मला पहिल्यांदा त्राटिका नाचताना दिसली. लोक जमले, शाळेची पोरं जमली. गुडघे एकदाही वाकडे पडले नाय.

दम लागल्यावर तो काचेपुढं वाकला. आम्हाला ऐकू जाईल एवढ्यानं तिला म्हणाला, "अंधाराला भिऊ नको गो. थोडे दिवसच."

येताना पंढरीमामानं दर सिग्नलला स्टिअरिंगवर ठेका धरला आणि पोरांनी कळशी बडवली, पार चेमटली. सापगावच्या पुलावर काकानं जीप थांबवायला लावली. नारळ घेऊन खाली उतरला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरला. गुडघे, कंबर, छाती. गळ्यापर्यंत गेला आणि नारळ सोडला. वर येताना वळून बघायचं नसतं. त्यानं बघितलं, आणि नदीला हात केला.

"सदरा कोरडा आहे काय बघ गो हिरा!" पाण्यातनंच ओरडला.

२४ फेब्रुवारी

सुरतेहून ओळखीच्याचा फोन आला, काम आहे म्हणाला. मी म्हटलं, बोहाड्यानंतर बघू.

दुपारी काकानं पडवीत बोलावलं. खुंटीवरची त्राटिका काढून समोर ठेवलेली. बावीस वर्षांची धूळ पुसलेली. "यंदा मी नाचनार," तो म्हणाला. "पुढच्या वर्साला तू. हिचं भोक माझ्या डोळ्याचं आहे. तुझ्यासाठी नवी करावी लागंल. बस."

मी बसलो. त्यानं सुतानं माझ्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं, कपाळ ते हनुवटी मोजलं. मग माती घेऊन समोर बसला, माझ्या तोंडाकडं बघत बघत साचा थापायला. म्हणाला, "तासभर हलायचं नाय. हललास तर नाक वाकडं हुईल, जन्मभर तसंच नाचावं लागंल."

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल गेली, ओळखीचा आवाज होता. एक कुत्रं आलं. छाया कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि पैज लावल्यासारखी बघत बसली. माझ्या नाकावर माशी बसली, उठली, परत बसली.

तासाभरानं काकानं हात पुसले. "झालं. ऊठ आता."

मी म्हणालो, "बसतो अजून."